फीत कापली, आता पगाराचं बोला

पेठेतलं जुनं वाचनालय नूतनीकरण होऊन पुन्हा उघडलं आणि कोल्हापूरने ते कोल्हापूरच्या रीतीने साजरं केलं. ग्रंथदिंडी निघाली. पुढे हलगी-घुमकं, त्यामागे लेझीम खेळणाऱ्या शाळेतल्या मुली, मग पुस्तकांची पालखी, आणि पालखी उचलायला तालमीतली पोरं फेटे बांधून. दारात रांगोळी, चौकात जिलेबी. शाळा सुटल्यापासून वाचनालयाची पायरी न चढलेली माणसंही आत डोकावून नवी फरशी, नवे पंखे आणि काचेची कपाटं बघून आली. 'नाद खुळा केलाय' अशी पावती मिळाली, म्हणजे इथल्या हिशेबाने काम पास.

यावर नाक मुरडणारेही भेटले. वाचनालय ही शांततेची जागा, तिथे हलगी कशाला, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. कुस्ती मारली की रस्ता भरतो, शाहू स्टेडियमवर पेठेचा संघ जिंकला की रस्ता भरतो, गणपतीला तर भरतोच. अशा गावात वाचनालय उघडल्यावर रस्ता रिकामा राहिला असता तर काळजी करावी लागली असती. लोकांनी ही जागा आपली मानली, एवढं तरी त्या दिवशी दिसलं. वाजवा खुशाल. मला विचारायचंय ते वेगळंच. एवढा उत्सव झाला तो नेमका कशाचा?

इमारतीचा. व्यासपीठावरची भाषणं आठवून बघा. निधी किती आला, पाठपुरावा कुणी केला, मंजुरी कुठे अडली होती आणि कुणाच्या एका फोनवर सुटली. कोनशिलेवर नावं इतकी की शेवटच्या दोन ओळी बारीक अक्षरात बसवाव्या लागल्या. ग्रंथपालबाईंना शाल-श्रीफळ मिळालं, टाळ्या झाल्या, कार्यक्रम पुढे सरकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुस्तक बदलायला गेलो. पेठेतली पोरं ग्रंथपालबाईंना काकी म्हणतात. काकी एकट्याच होत्या आणि हातात झाडू होता, कारण शिपायाची जागा कित्येक वर्षं भरलेली नाही. "आता दोन मजले झालेत, नुसतं झाडून काढायलाच पाऊण तास जातोय बघा," त्या म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता, उशिरा देवघेव सुरू होणार याचा खुलासा होता. वरच्या मजल्यावर भिंतीला लागून साखरेची पोती रचलेली. काम चालू असताना पुस्तकं या पोत्यांत भरून शेजारच्या हॉलमध्ये ठेवली होती, त्यातली बरीचशी अजून सुटायची होती. एका पोत्यावर खडूने लिहिलं होतं, 'कादंबऱ्या क ते प'. दुसऱ्यावर नुसतंच 'इतर'. उद्घाटनाला समोर दिसतील तेवढी कपाटं भरून घेतली होती, मागची रिकामी. काकी दाखल रजिस्टर उघडून एकेक पुस्तक काढणार, नंबर ताडून बघणार, पावसाळ्यात फुगलेली वेगळी करणार, बांधणीला द्यायची वेगळी, वाळवीने खाल्लेली वेगळी. कोल्हापूरच्या पावसात चार महिने पोत्यात राहिलेल्या कागदाचं काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. हे काम किती दिवस चालेल विचारलं तर त्या म्हणाल्या, "सवड मिळंल तसं." सवड कुठून मिळणार? देवघेव त्याच बघतात, वर्गणी त्याच घेतात, वर्तमानपत्रं लावतात, अनुदानाची कागदपत्रंही त्याच भरतात.

यात कुणा एका माणसाची चूक शोधू नये. पैसा ज्या वाटेने येतो ती वाटच अशी आहे. आमदार निधी घ्या, खासदार निधी घ्या. नियमानेच तो टिकाऊ मालमत्तेसाठी असतो. भिंत, छत, फरशी, कपाट, संगणक याला तो चालतो. पगार, वीजबिल, वर्तमानपत्रांची बिलं, बांधणी अशा दरवर्षीच्या खर्चाला तो लावता येत नाही. नियमामागे कारण आहे, निधीतून माणसं पोसली जाऊ नयेत हे. पण त्याचा परिणाम असा की वाचनालयाच्या दारात निधी आला म्हणजे तो बांधकामाचाच असतो. समितीलाही मग तेच सुचतं. ग्रंथपालाला धड पगार नसतो आणि दर्शनी भागाला काच बसते. लोकप्रतिनिधींचं सोडा, देणगीदारांचंही तेच. आईवडिलांच्या स्मरणार्थ कपाट द्यायला दहाजण पुढे येतात. आईवडिलांच्या स्मरणार्थ ग्रंथपालाचा वर्षाचा पगार देणारा मला अजून भेटलेला नाही. कपाटावर पाटी लावता येते, पगारावर कुठे लावणार?

मग पगार येतो कुठून? महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा, अंमल १ मे १९६८ पासून. या कायद्याखाली राज्य सरकार मान्यताप्राप्त वाचनालयांना अनुदान देतं. वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग, वर्गाप्रमाणे रक्कम. २०२२ मध्ये सरकारने हे अनुदान ६० टक्क्यांनी वाढवलं, दहा वर्षांनी वाढलं, त्याचं स्वागतही झालं. तेव्हाचा वाढीव आकडा बघा. ड वर्गाला वर्षाला ३० हजार मिळत होते, ते ४८ हजार झाले. त्यातला साधारण निम्मा भाग पगारावर खर्च करायचा. म्हणजे वर्षाला २४ हजार, महिन्याला दोन हजार. वाढ झाल्यानंतर! आमच्या पेठेतलं वाचनालय ड वर्गात नाही, जरा वरच्या वर्गात आहे, पण हिशेबाची रीत तीच आणि रक्कमही सांगायला लाज वाटावी अशीच. शिवाय अनुदान हप्त्याने येतं आणि हप्ता कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. मधले महिने काकींनी कसे काढायचे हा प्रश्न अनुदानाच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आणि वर्ग बदलून घ्यायचा म्हटलं तरी ते सोपं नव्हतं. २०१२ साली महसूल यंत्रणेकडून राज्यभर वाचनालयांची पडताळणी झाली. कागदावर चालणारी, पाटी आणि कुलूप एवढीच मालमत्ता असलेली वाचनालयं सापडली. ती तपासणी हवीच होती, अनुदान लाटणाऱ्यांबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. पण त्यानंतर दर्जावाढ आणि नवी मान्यता वर्षानुवर्षं अडकून राहिली, आणि जी नीट चालली होती तीही चोरांच्या रांगेत उभी राहिली.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण हा विषय कोल्हापूरने दुसऱ्याकडून शिकावा असा नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. म्हणजे १८५७ च्याही आधी या शहरात सार्वजनिक वाचनालय होतं. त्याहून मोठी गोष्ट १९४५ ची आहे आणि ती शहरात फारशी कुणाला ठाऊक नाही. त्या वर्षी कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा, भारतातला पहिला ग्रंथालय कायदा कोणता, तो कोल्हापूरचं नाव घेईल. परीक्षेत विचारला जाणारा प्रश्न आहे हा. मद्रासचा कायदा, ज्याचा सगळीकडे उल्लेख होतो, तो १९४८ चा. म्हणजे कोल्हापूर तीन वर्षं पुढे. दुसरं महायुद्ध नुकतं संपत आलेलं किंवा संपलेलं, गादीवर वयाने अगदी लहान छत्रपती, कारभार रीजन्सीकडे (राजा सज्ञान होईपर्यंत कारभार बघणाऱ्या मंडळाकडे), आणि त्या धामधुमीत कुणाला तरी वाटलं की वाचनालय हा कायद्याने बघायचा विषय आहे. पुढे चारच वर्षांत, १ मार्च १९४९ ला, संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि ती गोष्ट इतिहासाच्या तळटिपेत गेली.

आपण 'जगात भारी' म्हणायला एका पायावर तयार असतो. तांबडा-पांढरा, चप्पल, गूळ, कुस्ती यांचे फलक महामार्गापासून लागतात. देशातल्या पहिल्या ग्रंथालय कायद्याचा एक फलक मी शहरात कुठे पाहिलेला नाही. फलक नसला तरी चालेल म्हणा. त्या कायद्यामागचा विचार आपण पुढे नेला का, हे विचारू या.

नाही नेला. १९६७ चा कायदा वाईट नाही, त्याने राज्यभर हजारो वाचनालयं जगवली. पण त्याची बैठक मदतीची आहे. गावातल्या चार हौशी माणसांनी संस्था काढावी, ती चालवावी, आणि सरकारने त्यांना हातभार लावावा. हौस संपली, ती चार माणसं म्हातारी झाली, की सरकारचं त्या पेठेशी काही देणं राहत नाही. पाणी येत नसेल तर नागरिक महापालिकेवर मोर्चा नेतो. वाचनालय बंद पडलं तर तो मोर्चा कुणावर नेणार? कुणाचीच ती जबाबदारी नाही. महापालिकांच्या कायद्यातही ग्रंथालय बंधनकारक कामांत बसत नाही. ते ऐच्छिक कामांत येतं. ऐच्छिक म्हणजे पैसे उरले तर, आणि पैसे कधी उरतात हे घरफाळा भरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

दुसरीकडे हे वेगळ्या रीतीने केलेलं आहे, आणि ते बघायला लांब जायला नको. कागल सोडून कोगनोळीत शिरलं की कर्नाटक. तिथल्या १९६५ च्या कायद्यात ग्रंथालय उपकर आहे. तमिळनाडूत १९४८ पासून आहे, केरळात १९८९ च्या कायद्याने आहे. घराच्या करासोबत एक लहानशी रक्कम वाचनालयाच्या नावाने जमा होते, त्यामुळे वाचनालयाला हक्काचं उत्पन्न मिळतं. महाराष्ट्राच्या कायद्यात असा उपकर नाही. मी कर्नाटकाला डोक्यावर घेत नाही. बंगळूरमध्ये महापालिकेने गोळा केलेला उपकर ग्रंथालय खात्याकडे वेळेत येत नाही, ही तिथली जुनी रड आहे. तरी फरक राहतोच. तिथे थकलेल्या पैशाला थकबाकी म्हणतात, ती मागता येते. इथे न आलेल्या अनुदानाची वाट बघावी लागते.

उपकर म्हटल्यावर माझ्याच गल्लीतले लोक माझ्या अंगावर धावून येतील, याची कल्पना आहे. घरफाळ्याच्या बिलात आधीच शिक्षणाचा कर, झाडांचा कर, आणखी काय काय. त्यात वाचनालयाची भर कशाला? ठीक. उपकर नको असेल तर बाजूला ठेवू. रक्कम किती लागते ते तरी बघू. धरून चालू की शहरातली वीस वाचनालयं निवडली. प्रत्येकात एक पूर्णवेळ ग्रंथपाल, महिना २५ हजारांवर, आणि एक मदतनीस, १५ हजारांवर. वीस वाचनालयांचा वर्षाचा पगार होतो ९६ लाख. एक कोटीच्या आत. राज्य सरकारच्या नगरोत्थान योजनेतल्या १०० कोटींच्या रस्त्यांवर या शहरात चहाच्या टपरीपासून सभागृहापर्यंत इतकं बोललं गेलं की त्या रकमेची सगळ्यांना सवय झाली आहे. त्या मोजपट्टीवर एक कोटी म्हणजे रस्त्याचा एखादा वळणाचा तुकडा. आकडा माझा आहे, पगार कमी-जास्त करा, वाचनालयं वीसची पंचवीस करा. महापालिकेला न पेलणारी गोष्ट ही नाही, इतकंच मला दाखवायचं आहे.

खरा आक्षेप पैशाचा नाहीच. तो असा: महापालिकेच्या हातात दिलं की वाट लागते. हे म्हणणारे लोक अनुभवातून बोलतात आणि मी त्यांना वेड्यात काढणार नाही. महाराष्ट्रातली वाचनालयं लोकांनी उभी केली, वर्गणीवर चालवली, पुस्तकं कोणती घ्यायची ते स्वतः ठरवलं. हे स्वातंत्र्य मोलाचं आहे. उद्या पुस्तकांची यादी कुणाच्या तरी कार्यालयातून मंजूर होऊन यायला लागली तर मीच पहिला विरोध करेन. ठेकेदाराकडून घाऊक भावाने घेतलेल्या पुस्तकांचे गठ्ठे कसे दिसतात ते आपण पाहिलेलं आहे. पण पगार देणं आणि ताबा घेणं या दोन गोष्टी एकत्र बांधायची काही गरज नाही. अनुदानित शाळांचं उदाहरण रोजचं आहे. शिक्षकांचा पगार सरकार देतं, शाळा संस्था चालवते. त्यात भानगडी होतात, नाही असं नाही. तरी शिक्षकाला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो आणि शाळा उघडते.

बडोद्याचे सयाजीराव महाराज या बाबतीत फार पुढचं बघून गेले. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावून संस्थानभर मोफत वाचनालयांची यंत्रणा उभी केली. गावातल्या वाचनालयासाठी गावकऱ्यांनी पैसे उभे करायचे, त्याच्या जोडीला प्रांत पंचायतीने घालायचे आणि सरकारनेही घालायचे, अशी ती रीत. लोकांचा वाटा असल्याने वाचनालय लोकांचं राहिलं, आणि बाकीचा वाटा ठरलेला असल्याने ते लोकांच्या मर्जीवर लटकलं नाही. आमच्या पेठेला हे जसंच्या तसं लागू पडतं. पुस्तकं, वर्तमानपत्रं, कार्यक्रम पेठेच्या वर्गणीतून आणि देणगीतून. पगार महापालिकेकडून. राज्याचं अनुदान आहे ते राहू दे, त्यातून वीजबिल, बांधणी, नवी खरेदी. समिती पेठेची, हजेरी महापालिकेने तपासायची. इतकं साधं.

शाहू महाराजांचं नाव या शहरात दर सभेत घेतलं जातं, म्हणून त्यांचाही एक धडा इथे लावतो. १९०१ पासून त्यांनी वसतिगृहं काढली ते सगळ्यांना पाठ आहे. त्यांनी वसतिगृहांना नुसत्या जागा देऊन हात झटकले नाहीत, हे कमी बोललं जातं. जमिनी लावून दिल्या, वर्षाची ठरावीक रक्कम बांधून दिली, म्हणजे पोरांच्या जेवणाचा खर्च दरसाल कुणाच्या तोंडाकडे न बघता निघावा. सुरुवात करतानाच दरवर्षीच्या खर्चाची सोय करणं ही त्यांची पद्धत होती. आपण ती सोडली आणि पुतळ्याची पद्धत ठेवली.

आता 'वाचतंय कोण' हा प्रश्न. तो विचारणाऱ्यांनी एकदा दिवसभर पेठेतल्या वाचनालयात बसून यावं. सकाळी आठला वर्तमानपत्रं वाचणारी ज्येष्ठ मंडळी, त्यांच्यात संपादकीयावरून होणारी भांडणं. मग दहा-अकरानंतर दार बंद. सायंकाळी पाचला पुन्हा उघडतं, आठला बंद. मधला सगळा वेळ कुलूप. आता सांगा, दुपारी जरा मोकळी होणारी बाई पुस्तक बदलायला कधी येणार? दुपारच्या सत्रातली पोरं शाळा सुटल्यावर क्लासला जातात, ती कधी येणार? कारखान्यातून आठला घरी पोचणारा कधी येणार? ज्या वेळात लोक येऊ शकत नाहीत त्या वेळात दार उघडं ठेवायचं आणि लोक येत नाहीत म्हणायचं. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे रंगनाथन, त्यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. त्यातलं पहिलंच, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. त्याचं विवेचन करताना त्यांनी थोर विचारांच्या गप्पा मारल्या नाहीत. वाचनालयाची जागा कुठे असावी, वेळ काय असावी, फर्निचर कसं असावं, नोकरवर्ग कसा असावा, याबद्दल ते बोलले. वेळ वाढवायला माणूस लागतो, आणि एकटी काकी सकाळी आठ ते रात्री आठ बसू शकत नाही. म्हणजे फिरून आपण पगारावरच आलो.

अभ्यासिकेचं मात्र नीट बोलायला हवं. नव्या इमारतीचा अख्खा वरचा मजला स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी केला आहे, साखरेची पोती निघाली की तिथे खुर्च्या लागतील. काही जुन्या वाचकांना हे रुचलेलं नाही. ही पोरं वाचनालयातलं एकही पुस्तक उघडत नाहीत, स्वतःच्या नोट्स आणतात, चार्जिंगला मोबाइल लावतात आणि खुर्ची अडवतात, अशी त्यांची कुरकुर. मला उलट वाटतं. गारगोटी, शाहूवाडी, गडहिंग्लजकडून शहरात आलेलं पोर एका खोलीत तिघांबरोबर राहतं. त्याला बसायला शांत जागा हवी, दिवा हवा, पंखा हवा. खासगी अभ्यासिकेत त्यासाठी दर महिन्याला काही शे रुपये मोजावे लागतात, आणि ते घरून मागवताना त्याला काय वाटत असेल ते त्यालाच माहीत. सार्वजनिक पैशातून झालेल्या जागेचा याहून सरळ उपयोग कुठला? शिवाय हीच पोरं आज वाचनालयाची सगळ्यात नियमित माणसं आहेत. पाऊस असो, क्रिकेटची मॅच असो, ती येतात.

पण मजला देताना समितीने एक गोष्ट विसरू नये. पोरांचा मजला आणि पुस्तकांचा मजला यांच्यामध्ये जिना आहे, आणि तो जिना उतरायला लावणारं कुणीतरी हवं. भूगोलाचा प्रश्न अडला तर त्याच विषयावरचं चांगलं मराठी पुस्तक खाली तिसऱ्या कपाटात आहे, हे सांगणारं माणूस. मुलाखतीच्या तयारीसाठी वर्तमानपत्राची जुनी कात्रणं काढून देणारं माणूस. परीक्षा नाही निघाली तर, आणि बहुतेकांची निघत नाही हे सगळे जाणतात, त्या पोराला पुन्हा दारात यावंसं वाटेल असं ओळखीचं माणूस. शिकलेला, पुस्तकं माहीत असलेला ग्रंथपाल हे काम रोज करतो आणि त्याची नोंद कुठल्याच अहवालात होत नाही. दोन हजार रुपयांत असा माणूस टिकत नाही. शिवाजी विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन दरवर्षी पोरंपोरी बाहेर पडतात. ती खासगी शाळा-कॉलेजांच्या लायब्ररीत जागा शोधतात, नाही मिळाली तर दुसरंच काही करतात. पेठेतल्या वाचनालयात अर्ज करायला त्यांना काही कारणच आपण ठेवलेलं नाही.

मोबाइलवर सगळं आहे, या आक्षेपाला दोन ओळी पुरतात. मोबाइलवर सगळं असतं तर अभ्यासिकेत जागेसाठी नंबर लागले नसते. आणि जुन्या कोल्हापूरची वर्तमानपत्रं, स्मरणिका, नाट्यमंडळांच्या पत्रिका, तालमींचे अहवाल यातलं फारच थोडं कुणी स्कॅन करून ठेवलं आहे. 'इतर' लिहिलेल्या त्या पोत्यात काय काय आहे, ते काकींनी बाहेर काढेपर्यंत कळायचं नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा सगळं शहर हळहळलं. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेली ती वास्तू. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. लोक रस्त्यावर उभे राहिले, पुन्हा जसंच्या तसं बांधा म्हणाले, सरकारला निधी जाहीर करावा लागला. आणि मनावर घेतलं की कामं किती भराभर होतात तेही आपण बघितलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचची, म्हणजे कोल्हापुरात बसणाऱ्या खंडपीठाची, अधिसूचना १ ऑगस्ट २०२५ ला निघाली आणि भाऊसिंगजी रोडवरची जुनी न्यायालयाची इमारत नटूनथटून १८ ऑगस्टला कामकाजाला उभी राहिली. लढा चार दशकांचा होता, पण शेवटचं काम अडीच आठवड्यांत झालं. या शहराला लावून धरता येतं. नाट्यगृह जळतं ते सगळ्यांना दिसतं, म्हणून लावून धरायला माणसं जमतात. वाचनालय असं जळत नाही. ग्रंथपाल निवृत्त होतो, जागा भरत नाहीत, समितीतलं कुणीतरी सायंकाळी दोन तास बसायला लागतं, मग एक तास, मग फक्त शनिवारी. आग लागल्याचा फोन कुणालाच जात नाही.

म्हणून मला वाटतं, दिंडीत जी माणसं दिसली त्यांनी आता एक कंटाळवाणं काम करावं. महापालिकेचं अंदाजपत्रक मार्चच्या आधी तयार व्हायला लागतं. त्याआधी तालमीच्या, तरुण मंडळाच्या, महिला बचत गटाच्या लेटरहेडवर एकेक पत्र द्यावं. पत्रात भाषण नको. मागण्या तीन. वाचनालयाच्या ग्रंथपाल आणि मदतनीस या दोन जागांच्या पगाराची तरतूद 'ग्रंथालय' या वेगळ्या शीर्षाखाली करावी. बदल्यात वाचनालय रोज किमान दहा तास, दुपारचं धरून, उघडं राहील अशी समितीची लेखी हमी घ्यावी. आणि वेळा व महिन्याची उपस्थिती दारातल्या फलकावर लावणं बंधनकारक करावं, कोनशिलेच्या शेजारीच, म्हणजे दोन्ही एकदम वाचता येईल. पत्राची पोच घ्यायला विसरू नये. पोच घेतली नाही तर पत्र आलंच नाही असं सांगतात, हे मंडपाच्या परवानग्या काढणाऱ्या आपल्या पोरांना मी सांगायची गरज नाही.